मिस्त्रींचं अंतोनोव्ह

इस्माईल मिस्त्री विमानात शिरण्याआधी चपला दाराबाहेर काढायचे आणि आम्हालाही काढायला लावायचे. विमान म्हणजे त्यांच्या दुकानामागची दहा बाय बाराची खोली. एकदा मी ऑफिसातून परस्पर आले आणि सँडलसकट आत गेले. मिस्त्री मागे न वळता म्हणाले, "मोजणीबाई, अंतोनोव्हच्या तारा खालून गेल्या हायेत. टाच पडली का डावं इंजिन बंद." मी सँडल बाहेर नेऊन ठेवली. आत आल्यावर खाली पाहिलं तर तारा खरंच खालून गेल्या होत्या.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. एक, म्हातारपणी त्यांचं डोकं फिरलं होतं. दुसरं, डोकं आधीपासून तसंच होतं, म्हातारपणी फक्त वेळ मिळाला. मी दुसऱ्या मताची आहे.

अमरावतीत वलगाव रोडच्या एका गल्लीत आम्ही समोरासमोर राहायचो. मी मोजणी खात्यात. शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशे करायचे आणि दोन्ही बाजूंच्या भाऊबंदांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. मिस्त्री पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचे, म्हणजे आतली जुनी तार काढून नवी गुंडाळायचे. वरूडच्या संत्र्याच्या बागांतून, चांदूर बाजारकडच्या विहिरींवरून मोटारी ट्रॅक्टरवर लादून यायच्या. मोटर उघडली की मिस्त्री आधी तिचा वास घ्यायचे.

"तीन फेजची मोटर सिंगल फेजवर चालवली."

"नाही जी मिस्त्री, देवाशपथ नाही."

"मंग हिनं सोताच जाळून घेतलं. घरात काई बोलले काय तिले?"

मिस्त्रींनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. त्यांचं बोलणं तोंडावर असायचं, पण त्यात राग नसायचा. त्यामुळे उत्तर द्यायला माणसाला काही सापडायचं नाही.

रशियाशी त्यांचा संबंध एका मोटारीपुरता. एका बंद पडलेल्या सूतगिरणीतून भंगारात आलेली रशियन मोटर त्यांनी तरुणपणी उघडली होती. पंधरा-वीस वर्षं चाललेली मोटर, आतली तार नव्यासारखी. "जेवढी लागते त्याच्या दीडपट तार टाकली होती. रशियन मानूस तांब्यात कंजुषी करत नाई," हे वाक्य त्यांच्याकडून मी शंभर वेळा ऐकलं असेल. त्यांचं परराष्ट्र धोरण एवढंच होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

विमानाचं प्रकरण सुरू झालं स्कूटरवरून. मिस्त्रींची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर होती. कामाच्या वर्षांत ते महिन्यातून दोनदा तिच्यावर अकोल्याला जायचे, तांब्याची तार आणायला. अमरावतीत तार मिळत नव्हती असं नाही. अकोल्याची तार सरळ असते, असं त्यांचं म्हणणं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी शोभाबाईच्या भाजीच्या हातगाडीवर स्कूटरसकट आदळले. शोभाबाई वलगावची. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन रोज गल्लीत यायची. गाडी उलटली, वांगी नालीपर्यंत गेली, मिस्त्री मेथीवर पडले म्हणून वाचले.

"तुम्हाले गाडी दिसली नाई काय मिस्त्री?" शोभाबाईनं विचारलं.

"दिसली. पन मले वाटलं तू सरकशीन."

संध्याकाळी त्यांचा मुलगा शकील, जो आता दुकान चालवायचा, त्यानं स्कूटरची चाबी काढून स्वतःच्या खिशात टाकली. मिस्त्री म्हणाले, "मले अकोल्याले जा लागते." शकील म्हणाला, "अकोल्याले आता काई काम नाई तुमचं, अब्बा." शब्दाला शब्द वाढला. शेवटी शकील चिडून म्हणाला, "ज्या दिवशी तुमी हवाई जहाज अकोल्याले उतरवसान न, त्या दिवशी घेजा चाबी."

हे मी माझ्या ओट्यावरून ऐकलं. शकीलला वाटलं विषय संपला. मिस्त्रींना वाटलं अट ठरली.

दुकानामागच्या खोलीत बिलांसाठी एक संगणक होता. अब्बा घरात बसावेत म्हणून शकीलनंच त्याच्यात विमान उडवण्याचा कार्यक्रम टाकून दिला होता, एका मित्राकडून आणून. त्यात पुष्कळ विमानं होती. मिस्त्रींनी ती एकेक आतून पाहिली आणि ज्याच्यात सगळ्यात जास्त बटणं आणि काटे होते ते निवडलं. ते रशियन निघालं. अंतोनोव्ह, दोन पंख्यांचं, जुनं. मिस्त्रींना आश्चर्य वाटलं नाही.

पुढच्या तीन महिन्यांत मागची खोली बदलली. माऊस हातात धरून विमान उडवणं त्यांना अपमानाचं वाटायचं. त्यांनी जुन्या कीबोर्डाच्या तारा काढून त्या शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला जोडल्या. हिरवं बटण दाबलं की इंजिन सुरू, लाल दाबलं की बंद. वेग कमीजास्त करायला ऑइल स्टार्टरची दांडी. सुकाणूला मोठ्या व्हॉल्व्हचं चाक. वऱ्हाडातला कोणताही शेतकरी त्या विमानात बसून ते सुरू करू शकला असता. भिंतींना त्यांनी हिरवट निळा ऑइलपेंट दिला, कारण रशियन विमानं आतून त्याच रंगाची असतात. उरलेला रंग शोभाबाईच्या हातगाडीला गेला, वांग्यांची भरपाई म्हणून.

रशियन अक्षरं त्यांनी भिंग घेऊन ओळखली. चाकांना रशियनमध्ये शासी म्हणतात हे कळलं त्या दिवशी ते मला सांगायला रस्ता ओलांडून आले. "आपल्या गॅरेजमंदी चासी म्हनतात, तिकडं शासी. म्हंजे आपल्याले अर्धी रशियन येतेच."

मात्र त्यांचं खरं प्रेम एका काट्यावर होतं. विमान कलंडलं की किती कलंडलं हे दाखवणारं ते यंत्र. अमेरिकन विमानात विमानाची खूण सरळ राहते आणि मागची जमीन तिरपी होते. जुन्या रशियन विमानात जमीन सरळ राहते आणि छोटं विमान तिरपं होतं. मिस्त्रींनी मला दोन्ही दाखवली.

"अमेरिकनवाला म्हन्ते, मी सरळ हावो, दुनिया तिरपी झाली. रशियनवाला म्हन्ते, दुनिया जागच्या जागी हाये, तूच तिरपा झाला. आता सांगा, कोन खरं?"

दुकानातून शकीलचा आवाज आला, "मंग भाजीच्या गाडीवर कोन तिरपं झालतं?"

"मी," मिस्त्री म्हणाले. "म्हनून तर हे इमान घेतलं."

एकट्यानं उडवता उडवता त्यांच्या लक्षात आलं की कार्यक्रमासोबत आलेल्या पुस्तकात या विमानाला चार माणसं लिहिली आहेत. आता घरातल्या खोलीत चार माणसांची गरज नसते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नियम हाये." दिशा दाखवणारा माणूस म्हणून त्यांनी मला घेतलं, कारण माझ्याकडे तालुक्यांचे नकाशे होते. इंजिनं, चाकं आणि पंखांच्या झडपा सांभाळायला शोभाबाईला घेतलं. ती दुपारी दोन ते चार गाडी झाडाखाली लावून रिकामीच असायची आणि त्या खोलीत कूलर होता. चौथा माणूस रेडिओचा. मिस्त्रींनी चौथ्या खुर्चीवर रेडिओ ठेवला.

मी सुट्टीच्या दिवशी जायचे. का जायचे याचं सोपं उत्तर असं की घरी दुपारी कोणी नसे आणि मिस्त्रींना नाही म्हणायला दोन वाक्यं जास्त बोलावी लागत.

मार्ग ठरलेला. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून उडायचं, अकोल्याजवळ शिवणीला उतरायचं. संगणकातल्या वऱ्हाडात एकही गाव नव्हतं. खाली नुसते हिरवे-तपकिरी चौकोन, जणू कोणी मोजणीच केली नाही. मी मांडीवर नकाशा, हातात घड्याळ घेऊन अंदाजानं गावं सांगायचे, आणि मिस्त्रींना गाव सांगितलेलं लागायचंच.

"मूर्तिजापूर."

"कोठं?"

"डाव्या पंखाखाली."

"इथं माह्या साडूचं घर हाये," ते खाली वाकून पाहायचे. खाली तपकिरी चौकोन असायचा. "रंग दिला वाटते घराले."

उतरण्याआधी एक यादी वाचायची असते. कप्तानानं एकेक गोष्ट विचारायची, ज्याचं काम त्यानं उत्तर द्यायचं. मिस्त्रींनी ती यादी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून स्टार्टरच्या डब्याला सुतळीनं बांधली होती. आमची तिघांची पहिली फेरी उत्तम चालली होती. शिवणीची धावपट्टी समोर दिसायला लागली. मिस्त्रींनी यादी वाचली.

"झडपा?"

"हो."

"चाकं?"

"झालंच समजा," शोभाबाई म्हणाली.

विमान पोटावर उतरलं. पडद्यावर ठिणग्या उडाल्या, मग धूर, मग सगळं थांबलं. चाकं आतच होती.

आता हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे काम झालं नसलं तर कोणी नाही झालं म्हणत नाही. ते उद्धट वाटतं. झालंच समजा, म्हणतात. म्हणजे काम सुरूसुद्धा झालेलं नसतं, पण सांगणाऱ्याची नियत चांगली असते आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. शिंपी म्हणतो, सोनार म्हणतो, आमच्या ऑफिसात तर दिवसभर हेच चालतं. आजवर त्यानं कोणाचं विमान पडलं नव्हतं एवढंच.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी चौकशी बसवली. विमान पडलं की चौकशी होते, असं पुस्तकात होतं. माझं अक्षर सरकारी म्हणून जबाब मी लिहून घेतले. शोभाबाईचा जबाब माझ्याकडे अजून आहे:

"मिस्त्रीनं इचारलं चाकं झाले काय. माह्या ध्यानात तवा आलं का दांडी वढाची रायली. पन मानसानं इचारलं अन् नाई म्हनाव, हे बरं दिसत नाई. मी म्हन्लं झालंच समजा. म्हंजे मी वढतच होतो दांडी. त्याच्या आधी जमीन आली."

खाली तिनं सही केली. मिस्त्रींनी निकाल दिला: दोषी कप्तान. "बाईनं समजा म्हन्लं अन् मी समजलो. समजाचं काम नव्हतं, पाहाचं काम होतं." आणि त्या दिवसापासून त्यांनी विमानात दोनच उत्तरं ठेवली. झालं, किंवा नाही झालं. तिसरं उत्तर देणारा खाली उतरेल, म्हणजे ओट्यावर जाऊन बसेल.

शोभाबाईला हे फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात ती तीनदा ओट्यावर गेली. कूलर सोडून बाहेर उन्हात बसणं सोपं नव्हतं, म्हणून शिकली. अडचण अशी झाली की शिकलेलं खोलीत ठेवून येता येईना. गल्लीतल्या बायका हातगाडीशी विचारायच्या, "शोभाबाई, मेथी ताजी आहे ना?" आणि ती म्हणायची, "नाई. कालची हाये. पानी मारलं." बायका आठ दिवस दुसऱ्या गाडीकडे गेल्या. मग परत आल्या, कारण कालचं काय आणि आजचं काय हे अमरावतीत फक्त त्या निळ्या गाडीवर कळत होतं. माझ्याही तोंडी ते बसलं. ऑफिसात एका भूकरमापकानं नकाशा झालाच समजा मॅडम म्हटल्यावर मी त्याला विचारलं, "चाकं बाहेर आहेत का?" तो दिवसभर माझ्याकडे जपून पाहत होता.

खरा घोळ दुकानात झाला. बाहेर चांदूर बाजारचा शेतकरी उभा, शकील त्याला म्हणतोय, "झालीच समजा काका, संध्याकाळी न्या." आणि मागच्या खोलीतून, बेलोऱ्याहून उडताना, मिस्त्रींचा शांत आवाज:

"नाई झाली. तार बी नाई आली अजून."

शकील एक दिवस खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. विमान बोरगाव मंजूवर होतं.

"अब्बा, दुकान बंद पाडता काय?"

"मी काय केलं? त्यानं इचारलं, मी सांगतलं."

"त्यानं मले इचारलं होतं."

"तुले इचारलं तं तू सांग ना. मले बोला लागलं नसतं."

"चाबी विसरा आता," शकील म्हणाला. "जहाज उतरवा नाही तर पानबुडी चालवा."

मिस्त्रींनी दांडी ओढली, इंजिनं बंद केली आणि हवेत असलेलं विमान तसंच सोडून वळले. हे त्यांनी कधीच केलं नव्हतं. पडद्यावर विमान हळूहळू खाली जात होतं.

"तू अट घातली होती," ते म्हणाले. "गल्लीनं आयकली."

शकीलनं माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाची घडी घालत होते. "ऐकली होती," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय त्या खोलीत राहिली नव्हती. शकील पाय आपटत गेला. जाताना म्हणाला, "माह्यासमोर उतरवा मंग. एकडाव. काई न तुटता."

मिस्त्रींचं सगळं त्या एका उतरण्यावर आलं. ते चांगले उडवायचे, हे मी कोणत्याही पंचनाम्यात लिहून देईन. पण शिवणीला त्यांना एक अडचण होती. पूर्वेकडून येताना, धावपट्टीच्या अलीकडे, डाव्या हाताला संगणकात पाण्याची एक उंच टाकी होती. मिस्त्री तिला घाबरायचे. ती टाळायला ते दरवेळी जास्त उंचावरून यायचे आणि शिवणीची धावपट्टी आखूड. मग विमान अर्धी पट्टी संपल्यावर टेकायचं आणि पलीकडच्या तुरीत जायचं. तुरी मी म्हणते. तिथेही चौकोनच होता.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असायचं, आणि त्या शुक्रवारी मलाही सुट्टी होती. नमाजाहून येऊन मिस्त्रींनी स्वच्छ सदरा घातला. शकील मागे एका पालथ्या मोटारीच्या बॉडीवर बसला. चौथ्या खुर्चीवर रेडिओ होता आणि तो उचलून तिथे बसायची परवानगी त्याला मिळाली नाही.

हिरवं बटण. बेलोरा सुटलं. बडनेरा, मूर्तिजापूर, कुरणखेड, मी एकेक गाव सांगत गेले. शकीलला हसू येत होतं ते बोरगाव मंजूपर्यंत. मग शिवणी दिसली आणि डावीकडे टाकी. मिस्त्रींचे हात व्हॉल्व्हच्या चाकावर आवळले, नाक वर आलं.

"झडपा?"

"झालं," शोभाबाई म्हणाली.

"चाकं?"

"झालं. तीन दिवे हिरवे."

"दिशा?"

"झालं," मी म्हटलं.

यादीच्या शेवटी त्यांनी स्वतःच एक ओळ वाढवली होती. कप्तान. ती विचारायची शोभाबाईनं.

"कप्तान?"

मिस्त्रींनी धावपट्टीकडे पाहिलं. "नाई झालं," म्हणाले आणि दांडी पूर्ण पुढे ढकलली. अंतोनोव्ह ओरडलं आणि वर गेलं.

"अब्बा, रस्ता समोर होता. उतरवाचं न."

"उंच हावो मी."

दुसरी फेरी. यादी पुन्हा पहिल्यापासून. टाकी आली, नाक वर झालं. "कप्तान?" "नाई झालं." पुन्हा वर. शोभाबाईनं पदरानं मान पुसली. चार वाजत आले होते, तिचं गिऱ्हाईक सुरू व्हायची वेळ. शकील आता मोटारीवरून उठून मिस्त्रींच्या खुर्चीमागे उभा होता.

"टाकी सोडा, अब्बा. टाकीकडं पाहूच नका."

"पाह्यलं नाई तं लागीन."

"लागते तं लागू द्या."

"तू मांगं बस."

तिसऱ्या फेरीला टाकी इतकी जवळून गेली की शोभाबाई खुर्चीत उजवीकडे सरकली. "कप्तान?" तिनं विचारलं. मिस्त्रींनी टाकीकडे पाहिलं, मग पट्टीकडे. मला वाटलं आता सवयीनं ते तिसरं उत्तर, झालंच समजा, येतंय. "झालं," ते म्हणाले. चाकं पट्टीच्या तोंडाशीच टेकली. विमान थांबलं तेव्हा पुढे थोडी पट्टी शिल्लक होती. त्यांनी लाल बटण दाबलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शोभाबाई "येतो मिस्त्री, मेथी उन्हात वायली असंन" म्हणून निघाली.

"दोन डाव कावून नाई उतरवलं?" शकीलनं विचारलं.

"नव्हतं झालं."

शकील खुर्चीमागून पुढे आला. मग खिशातून चाबी काढून त्यानं स्टार्टरच्या डब्यावर ठेवली आणि आत जेवायला गेला.

दिवाळीनंतर माझी अकोल्याला बदली झाली. सामान नेताना मिस्त्रींची स्कूटर दुकानापुढे उभी होती, पुसलेली. ते तिच्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे, शकीलच्या नजरेच्या टप्प्यात. चाबी मिळाली होती ती एवढ्यापुरती, असं दिसत होतं.

महिना-दीड महिन्यानं अकोल्याच्या ऑफिसात शिपाई आत आला. "मॅडम, एक चाचा आले हायेत. म्हन्तात, मांगच्या खेपेले इमानानं आलतो, या खेपेले गाडीनं आलो. काय करू?"

मिस्त्री बाकावर बसले होते, हेल्मेट मांडीवर, भुवयांवर धूळ. पहाटे नाही, चांगल्या उन्हातच निघाले होते. चार तास लागले होते.

"शकीलला सांगितलं?" मी विचारलं.

"इतवारा बाजारात जाऊन येतो म्हन्लं."

"हे खरं नाही."

"गेलो न इतवाऱ्यात. तिथून पुढं आलो." पाणी पिऊन ते म्हणाले, "थे टाकी पाहाची हाये मले."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझी गाडी पुढे, त्यांची मागे, असं आम्ही शिवणीला गेलो. विमानतळाच्या तारेच्या कुंपणाशी उभे राहिलो. आत एक चौकीदार खुर्ची सावलीत सरकवत होता. मिस्त्रींनी त्याला हाक मारली.

"थे पान्याची टाकी कोठं हाये?"

"कोनती टाकी?"

"पूर्वेकडून येतानी, डाव्या हाताले. उंच."

चौकीदारानं पूर्वेकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "इथं टाकी नाई चाचा. मी हावो तवापासून तं नाईच."

मिस्त्रींनी कुंपणाला धरून स्वतः पाहिलं. तिकडे मोकळं आभाळ होतं आणि दोन बाभळी. "आठ महिने भेलो मी तिले," ते म्हणाले.

"तुमी कायले भेता? इथून काय तुमाले उडाचं हाये?"

"उतरलो ना मी इथं."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी, शुक्रवारी. तिसऱ्या खेपेले."

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी साडीतली, हातात पर्स, गळ्यात सरकारी ओळखपत्र. "मी होते सोबत," मी सांगितलं. तो खुर्चीकडे परत गेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शकील. मिस्त्रींनी नाव वाचलं आणि हेल्मेटचा पट्टा बोटानं ओढत राहिले. मला काही सांग किंवा सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत.

"ताई, अब्बाचा फोन लागून नाई राहिला. इतवाऱ्यात कोनी पाह्यलं नाई त्याइले. तुमाले काई..."

"इथं आहेत," मी म्हटलं. "अकोल्यात. माझ्याजवळ."



"गाडीवर?"

"हो."

"एकटे?"

"हो."

"पडले-गिडले काय?"

"नाही."

दुकानात कोणीतरी हातोडी मारत होतं, ती ऐकू येत होती. मग शकील म्हणाला, "मांगच्या चाकात हवा कमी हाये. भरून घ्या म्हना. अन् दिवस बुडाच्या आत बडनेरा गाठा म्हना."

मी फोन ठेवला आणि निरोप सांगितला.

"चाबीचं काय म्हन्ला?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

त्यांनी हेल्मेट घातलं. पंपावर मागच्या चाकात हवा भरून घेतली, माझ्या घरी जेवायला यायला नकार दिला आणि मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागले. त्या रात्री ते घरी पोचले; मी मात्र त्यांना पुन्हा पाहिलं नाही. त्या वेळी मी पंपाच्या कडेला उभी राहून पाहत होते, ते पोचतील की नाही याचा हिशेब करत. ते रस्त्याच्या बरोबर मधून चालले होते, पाठ ताठ, वेग तीस. मागून संत्र्यांचा ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला, मग लांब हॉर्न दिला. मिस्त्री सरकले नाहीत. शेवटी ट्रकनंच वेग कमी केला, बाजूची माती घेतली आणि त्यांना वळसा घालून पुढे गेला.